एका तासाचा पूर

पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी नदी येते. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, नदीची पातळी तासातासाला फूट-दीड फूट चढत जाते, सखल भागातली माणसं सामान आवरून शाळेच्या इमारतीत जातात. असा पूर नुकसान करतो, पण येण्याआधी सांगून येतो. दुसऱ्या प्रकारचा पूर तसं काही करत नाही. एरवी ज्यात मुलं डुंबतात तो ओढा किंवा वहाळ तासाभरात रस्त्यावरच्या मोटारी वाहून नेतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पात्रात जातो. यालाच आकस्मिक पूर म्हणतात.

या पुराची नीट मोजमापं झालेली उदाहरणं थोडी आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तिथल्या बॉसकॅसल या लहानशा बंदराच्या गावात १६ ऑगस्ट २००४ रोजी आलेला पूर हे त्यांपैकी एक. त्या दिवशी पाण्याने सुमारे ७५ मोटारी वाहून नेल्या, घरं आणि दुकानं मिळून ५०हून अधिक इमारतींत पाणी शिरलं, काही इमारती कोसळल्या. सुमारे शंभर माणसांना हेलिकॉप्टरांनी छपरांवरून आणि झाडांवरून उचललं. मृत्यू मात्र एकही झाला नाही.

हे कसं घडलं? त्यात हेलिकॉप्टरचा वाटा किती, आणि बाकीच्या गोष्टींचा किती? आपल्या कोकणातल्या, घाटाखालच्या शाळांतून हा प्रश्न आवर्जून विचारावा असं आम्हाला वाटतं.

पाऊस एकाच जागी का थांबला?

बॉसकॅसल हे एका अरुंद, खोल दरीच्या तोंडाशी वसलेलं गाव आहे. दरीतून व्हॅलन्सी नावाची छोटी नदी येते. गावातच तिला जॉर्डन नावाचा ओढा मिळतो आणि दोन्हींचं पाणी चिंचोळ्या बंदरातून समुद्रात जातं. नदीची लांबी जेमतेम सात-आठ किलोमीटर. तिचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस अखेर या नदीत येतो ती जमीन, सुमारे २० चौरस किलोमीटर.

त्या दिवशी दुपारी नैर्ऋत्येकडून वारा वाहत होता. समुद्राच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून वारा सहज जातो, जमिनीवर मात्र झाडं, टेकड्या, घरं यांच्या घर्षणाने त्याचा वेग कमी होतो आणि दिशाही थोडी वळते. शिवाय उन्हाने जमीन तापली की समुद्राकडून गार वारा जमिनीकडे येऊ लागतो. या दोन कारणांनी किनाऱ्याला समांतर अशा एका रेषेवर दोन बाजूंची हवा एकमेकींना येऊन भिडली. भिडलेल्या हवेला जायला एकच वाट उरते, ती म्हणजे वर. दमट हवा वर चढली, थंड झाली आणि तिच्यातल्या बाष्पाचे उंच गडगडाटी ढग तयार झाले.

इथपर्यंत विशेष काही नाही. विशेष हे, की ही रेषा काही तास जागची हलली नाही. रेषेवर एक ढग तयार होई, वाऱ्याबरोबर ईशान्येकडे सरकत पाऊस पाडी, तेवढ्यात त्याच्या मागे त्याच जागी दुसरा ढग उभा राही. रेल्वेचे डबे एकामागून एक त्याच फलाटावरून जावेत तसे ढग एकाच टापूवरून जात राहिले. ऑटरहॅम या जवळच्या ठिकाणी त्या दिवशी २०० मि.मी. पाऊस मोजला गेला, आणि त्यातला बहुतेक चार-पाच तासांत पडला. लेस्न्यूथ इथे तर अवघ्या १५ मिनिटांत सुमारे २४ मि.मी. पाऊस झाला. याच्या उलट, आसपासच्या दहा पर्जन्यमापकांपैकी चारांत दिवसभरात ३ मि.मी.सुद्धा पाऊस नव्हता!

मुंबईतल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, तेव्हा त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला जेमतेम ७३ मि.मी. झाला होता. आकडे बॉसकॅसलपेक्षा फार मोठे, पण असा पाऊस किती लहान जागेत कोसळतो ते दोन्हीकडे सारखंच दिसतं.

अशा पावसाचं भाकीत अवघड जातं तेही यामुळेच. संगणकावर हवामानाचं भाकीत करताना नकाशाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनासाठी वारा, तापमान, आर्द्रता यांचं गणित करतात. २००४ साली ब्रिटनच्या हवामान खात्याच्या नेहमीच्या प्रारूपातला चौकोन १२ कि.मी. बाजूचा होता, म्हणजे क्षेत्रफळ १४४ चौ.कि.मी. व्हॅलन्सीचं २० चौ.कि.मी.चं अख्खं पाणलोट क्षेत्र त्यातल्या एका चौकोनाच्या कोपऱ्यात मावेल. पुढे दीड किलोमीटरचे चौकोन असलेलं प्रारूप वापरात आलं आणि अशा रेषा संगणकाला पूर्वीपेक्षा बऱ्याच चांगल्या दिसू लागल्या. तरीही ‘या दरीत पडेल, शेजारच्या दरीत पडणार नाही’ इतकं नेमकं सांगणं आजही कठीण आहे.

पावसाचं पाणी, पाण्याचा पूर

आता थोडं गणित करू या. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मि.मी. पाऊस पडला तर किती पाणी होतं? दहा लाख चौरस मीटर गुणिले एक हजारांश मीटर, म्हणजे १००० घनमीटर. हे सूत्र मुलांना एकदा समजलं की पुढचं सगळं त्यातून निघतं.

त्या दिवशी बॉसकॅसलमधून सुमारे २० लाख घनमीटर, म्हणजे २०० कोटी लिटर पाणी गेलं असा अंदाज आहे. २० चौ.कि.मी.च्या पाणलोटावर सरासरी १०० मि.मी. पाऊस वाहून आला, तर उत्तर बरोबर एवढंच येतं. बाकीचा पाऊस जमिनीत मुरला, खळग्यांत अडला, हळूहळू नंतर आला, किंवा काही भागांत मुळातच कमी पडला.

पण माणसं अडकतात ती एकूण पाण्यामुळे कमी, आणि दर सेकंदाला येणाऱ्या पाण्यामुळे जास्त. पूर शिगेला होता तेव्हा गावातून सेकंदाला सुमारे १८० घनमीटर पाणी जात होतं असा अभियंत्यांचा अंदाज आहे. आपल्याकडे टंचाईच्या गावात येतो तो टँकर १० हजार लिटरचा धरला, तर सेकंदाला १८ टँकर!

हे सगळं पाणी एकदम कसं आलं? दरीच्या बाजू उभ्या होत्या, त्यामुळे पाणी उतारावर रेंगाळलं नाही. आधीच्या पावसाने जमीन ओली होती, त्यामुळे मुरायला जागा कमी होती. नदी सात-आठ किलोमीटरच लांब. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने धावलं तरी वरच्या टोकापासून गावात यायला त्याला तासभर पुरतो. मोठ्या नदीवर वरच्या गावची पातळी पाहून खालच्या गावाला इशारा देता येतो. इथे वरचं गाव आणि खालचं गाव यांच्यामध्ये वेळच शिल्लक नव्हता. दुपारी चारच्या सुमारास पाणी काठाबाहेर आलं, तासाभरात पातळी सुमारे दोन मीटर चढली आणि पाच-सहाच्या दरम्यान पूर शिगेला पोचला.

त्यात आणखी एक भर पडली. दरीच्या उतारांवर झाडी होती. पाण्याने उखडलेली झाडं आणि फांद्या येऊन गावातल्या बुटक्या पुलाखाली अडकल्या, त्यांच्यामागे मोटारी येऊन अडकल्या. पुलाची मोरी बुजली आणि पुलाचा बांध झाला. नदीने मग रस्त्यातून वाट काढली. असा आपोआप तयार झालेला बांध फुटतो तेव्हा मागे साठलेलं पाणी एका लोंढ्यात येतं, म्हणून तो जास्त धोक्याचा असतो.

मोटार तरंगते कशी?

वाहनतळ नदीच्या काठालाच होता आणि ऑगस्टच्या सुट्टीमुळे पर्यटकांच्या मोटारींनी भरलेला होता. टनाहून जड मोटार वाहून जाते, याचं मुलांना नवल वाटतं. आर्किमिडीजचा नियम इथे लावून पाहू. मोटार १२०० किलोची आणि तिचा तळ ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे ६ चौ.मी. धरू. १२०० किलो वजन तोलायला १.२ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागेल. १.२ भागिले ६, म्हणजे तळाच्या वर फक्त २० सें.मी. पाणी पुरे. तळ रस्त्यापासून २० सें.मी. उंच असला तर रस्त्यावर ४० सें.मी. पाणी झालं की मोटार तरंगू लागते. गुडघाभर पाणी!

माणसाचं काय? वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन्ही पायांवर, पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल तर साधारण १७ किलो वजनाइतका रेटा येतो. वेग तीन मीटर झाला की तोच रेटा सत्तर किलोच्या जवळ जातो, म्हणजे जवळजवळ त्या माणसाच्या वजनाइतका. ‘गुडघाभरच तर पाणी आहे, पटकन जाऊन गाडी काढू’ हा विचार अशा वेळी जिवावर बेततो.

हेलिकॉप्टर: अर्धा तास की एक तास?

त्या काळी ब्रिटनच्या किनाऱ्यावर शोध आणि बचावासाठी हवाईदलाची व नौदलाची पिवळी किंवा लाल-करडी सी किंग हेलिकॉप्टरं तैनात असत. (२०१५ पासून हे काम नागरी वैमानिक चालवत असलेल्या किनारारक्षक सेवेकडे गेलं.) बॉसकॅसलला चिव्हेनॉर आणि कल्ड्रोज या तळांवरून आणि आणखी काही ठिकाणांहून मिळून सात हेलिकॉप्टरं आली. त्यांचं नियंत्रण देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमधल्या किनलॉस इथल्या केंद्रातून होत होतं.

चिव्हेनॉरहून बॉसकॅसल सरळ रेषेत सुमारे ६० कि.मी. सी किंगचा वेग ताशी २०० कि.मी. धरला तर १८ मिनिटांचं अंतर. पण बोलावल्यावर निघायलाही वेळ लागतो. हवाईदलाच्या पथकांना दिवसा १५ मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत उड्डाण करायचं बंधन असे. म्हणजे दिवसा बोलावल्यापासून ३३ मिनिटं, रात्री ६३ मिनिटं. पातळी तासाला दोन मीटर चढत असताना या अर्ध्या तासाच्या फरकाचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. बॉसकॅसलचा पूर दुपारी आला. तिथे ऑगस्टमध्ये सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बचावाला काही तासांचा उजेड मिळाला.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबतं ते खालच्या दिशेने हवा ढकलून. भरलेल्या सी किंगचं वजन सुमारे ९ टन. ते तोलायला पंख्याला दर सेकंदाला साधारण ४ टन हवा, सेकंदाला २२-२३ मीटर वेगाने खाली फेकावी लागते. हा वेग होतो ताशी ८० कि.मी. म्हणजे छपरावर जीव मुठीत धरून बसलेल्या माणसावर आधी वादळ येतं आणि मग मदत! सुटी कौलं, पत्रे, फांद्या उडू लागतात. म्हणून वैमानिक शक्यतो उंच राहतो आणि लांब पोलादी दोर सोडतो.

सी किंगमध्ये चौघे असत: दोन वैमानिक, दारात बसून दोर सोडणारा आणि दोरावरून खाली जाणारा. गंमत अशी, की वैमानिकाला आपल्या बरोबर खाली काय आहे ते दिसत नाही. ‘पुढे दोन मीटर, उजवीकडे एक, थांब’ असं दारातला माणूस कानात सांगत राहतो आणि वैमानिक त्याच्या आवाजावर यंत्र स्थिर ठेवतो. हवेच्या घर्षणाने हेलिकॉप्टरवर विद्युतभार साठतो, म्हणून दोराचं टोक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकवून तो भार जाऊ देतात. नाहीतर पहिला हात लावणाऱ्याला जोराचा धक्का बसतो. खाली गेलेला माणूस अडकलेल्याच्या काखेखाली पट्टा घालतो आणि दोघे एकत्र वर येतात.

म्हणजे एका फेरीत एक, फार तर दोन माणसं. समजा एका फेरीला तीन मिनिटं लागली, तर शंभर माणसांना एका हेलिकॉप्टरला पाच तास लागतील. सात हेलिकॉप्टरं असली तरी अरुंद दरीत सगळी एकदम काम करू शकत नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा नौदलाचं हेलिकॉप्टरही पाठवलं होतं. पण गाडीतल्या हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं ते मुख्यतः राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींनी. बोटीला संथ पाणी लागतं, हेलिकॉप्टरला उजेड आणि मोकळं आकाश लागतं. प्रत्येक साधनाची मर्यादा ठरलेली आहे.

बावन्न वर्षांपूर्वीची रात्र

बॉसकॅसलच्या ईशान्येला, त्याच किनाऱ्यावर, डेव्हन परगण्यात लिनमथ नावाचं असंच दरीच्या तोंडाशी वसलेलं गाव आहे. १५ ऑगस्ट १९५२च्या रात्री तिथे पूर आला. मागच्या डोंगरावर २४ तासांत सुमारे २२९ मि.मी. पाऊस झाला होता. त्या पुरात ३४ माणसं मेली.

दोन्ही पुरांची तुलना जपून करायला हवी. लिनमथच्या नद्यांचं पाणलोट क्षेत्र मोठं होतं, त्यामुळे पाणीही जास्त होतं. तरी काही फरक स्पष्ट आहेत. लिनमथला रात्र होती, माणसं घरात झोपलेली किंवा झोपण्याच्या तयारीत होती, आणि हेलिकॉप्टरने बचाव करण्याची संघटित व्यवस्था तेव्हा ब्रिटनमध्ये उभीच राहिलेली नव्हती. बॉसकॅसलला माणसांना पाणी चढताना दिसत होतं. गावकऱ्यांनी आणि किनारारक्षक दलाच्या स्थानिक स्वयंसेवकांनी पर्यटकांना उंच भागात जायला लावलं. ज्यांना तेवढा वेळ मिळाला नाही ते वरच्या मजल्यावर गेले, तिथून छपरावर गेले. हेलिकॉप्टरं येईपर्यंतचा अर्धा तास त्यांनी स्वतः निभावला.

आमच्या मते या पुरातला मुख्य धडा हाच आहे. हेलिकॉप्टर छपरावरच्या माणसाला वाचवतं. छपरापर्यंत त्याला स्वतःच पोचावं लागतं. मोटारीकडे धावलेला माणूस हेलिकॉप्टरच्या हाती लागेलच याची खात्री नसते.

पुढच्या काही वर्षांत बॉसकॅसलमध्ये जी कामं झाली तीही पाहण्यासारखी आहेत. नदीचं पात्र रुंद आणि खोल केलं. वाहनतळाची जमीन उंच केली. पुलाच्या जागी जास्त मोकळं तोंड असलेला नवा पूल आला. वरच्या दरीत पडलेली झाडं वेळोवेळी काढण्याची व्यवस्था केली. या सगळ्याचा अर्थ एकच: पाण्याला जायला जागा ठेवली.

आपल्या गावाचं गणित

कोकणातली बहुतेक गावं अशाच भूगोलावर वसली आहेत. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेली नदी थोड्याच अंतरात समुद्राला मिळते. त्यातच उधाणाची भरती असेल तर खाडीचं पाणी नदीला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आठवी-नववीच्या मुलांबरोबर पुढच्या गोष्टी करून पाहाव्यात.

१. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० नकाशावर आपल्या ओढ्याभोवतीच्या डोंगरधारा जोडून त्याचं पाणलोट क्षेत्र आखा. या नकाशात २ सें.मी. म्हणजे १ कि.मी. पारदर्शक कागदावर २ सें.मी.चे चौकोन आखून वर ठेवले की चौकोन मोजून चौ.कि.मी. मिळतात.

२. सरळ कडांच्या डब्यात पाऊस साठवून पट्टीने मि.मी. मोजा. पाणलोटाने गुणून किती घनमीटर पाणी पडलं ते काढा. त्यातलं सगळं ओढ्यात येत नाही, ते का, यावर चर्चा करा.

३. प्लॅस्टिकच्या डब्यात दगड घालून तो परातीतल्या पाण्यात ठेवा. किती पाण्यात तरंगतो ते आधी गणिताने काढा, मग मोजा.

४. उतरत्या पत्र्यावर मातीचा ओढा करून त्यावर काड्यांचा साकव घाला. नुसतं पाणी सोडा, मग पालापाचोळ्यासह सोडा. पाणी कुठून वाट काढतं ते पाहा. नंतर गावातल्या साकवांच्या आणि मोऱ्यांच्या तोंडाशी काय साठलंय ते जाऊन बघा.

५. शाळेपासून आणि प्रत्येकाच्या घरापासून जवळची उंच जागा कोणती, आणि ओढा न ओलांडता तिथे जायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून मोजा.

शेवटचा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मदत यायला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नाही. पाणी यायला किती वेळ लागतो ते ओढ्याची लांबी ठरवते. उरलेली मिनिटं मात्र आपली आहेत, आणि ती मोजलेली असली तर पुरतात.